खरखरीत बाजू वर

"शेवट सांगितलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," तिलू म्हणाली.

तोंड मेलेलं नव्हतं, चांगलं फुललेलं होतं. कपाळावर, गालांवर, कानाच्या पाळीवर कांजिण्या, त्यांच्यावर गुलाबी औषधाचे ठिपके, उशाशी कडुलिंबाची डहाळी. एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात अरमान सेठीचा फोटो. अशा अवतारातल्या मुलीने घातलेली शपथ दुसऱ्या कोणी मनावर घेतली नसती. मी घेतली. गळ्याला चिमटा लावून तीनदा म्हटलं, की 'खाकी लिफाफा'चा शेवट माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही.

"नुसतं तोंडातून नाही. डोळ्यांतून नाही, खाणाखुणांतून नाही, चिठ्ठीतून नाही. तुझ्याकडून मला कळता कामा नये."

मी तेही कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाबरोबर कोल्हापूरला सिनेमा बघायला निघाले होते आणि तिलू खाटेवरून हलू शकत नव्हती. दोघींची तिकिटं काढलेली होती. तीन दिवस आधी तिच्या अंगावर पहिला फोड आला नसता तर ही शपथ, आणि पुढचं सगळं रामायण, झालंच नसतं.

हे चौऱ्याण्णव सालचं. आम्ही गडहिंग्लजला अकरावीत होतो. तेव्हा नवा सिनेमा आधी कोल्हापूरला लागायचा आणि तिथली गर्दी ओसरली की तीन आठवड्यांनी रिळं आमच्या गजलक्ष्मी टॉकीजला यायची. 'खाकी लिफाफा' हा हेरगिरीचा सिनेमा होता आणि त्याची जाहिरातच जीवघेणी होती. पोस्टरवर गुप्तहेर खात्याचे सहा अधिकारी एका रांगेत उभे, सगळ्यांचे हात कोटाच्या खिशात, आणि खाली एवढंच लिहिलेलं : सहांपैकी एक गद्दार आहे. खूण एकच, तो डावखुरा आहे.

झालं. सगळ्या गावाला वेड लागलं. पोस्टरवरचा खिशातला हात डावा फुगलाय की उजवा, यावर कॉलेजच्या कट्ट्यावर तास तास चर्चा व्हायची. आम्ही दोघी तर पार कामातून गेलो होतो. माझ्या भूगोलाच्या वहीत नद्या कमी आणि बंदुका जास्त होत्या. तिलूने मला लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहायला शिकवलं होतं. कागद कोरा दिसायचा आणि स्टोव्हवर धरला की अक्षरं तपकिरी होऊन वर यायची. "आज डब्यात काय आहे" हे विचारायलासुद्धा आम्ही लिंबं पिळत होतो. तिच्या आईला महिनाभर कळेना, की घरातली लिंबं जातात कुठे.

सहांपैकी मेजर आदित्य म्हणजे अरमान सेठी. तो तिलूचा. त्याच्या डाव्या गालावरचा तीळसुद्धा तिचाच. गद्दार बाकी पाचांपैकी कोणीही असो, आदित्य नसणार, हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मला सगळाच सिनेमा आवडायचा, पोस्टरच्या कोपऱ्यातल्या कुत्र्यासकट.

कोल्हापूरला मी सिनेमा बघितला. शेवटी काय होतं ते मी तुम्हालाही इतक्यात सांगणार नाही, मला सवय झालीय. एवढंच सांगते, की परतीच्या एसटीत मामा तीनदा काहीतरी बोलायला गेला आणि तिन्ही वेळा मी कानात बोटं घातली. पोटात गुपित ठेवून चालणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. एखादी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन नाचायला सांगावं तसं वाटत होतं.

आल्या आल्या तिलूकडे गेले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी भिंतीकडे बघून बोलले. कपडे कसे होते सांगितलं, गाणी सांगितली, आदित्यने किती वेळा गॉगल काढला तो आकडा सांगितला. ती खूश झाली. मग तिने मला स्वतःचा गाल दाखवला. डाव्या गालावर एक फोड फुटून खूण राहिली होती.

"तीळ त्याचाबी डावीकडंच," ती म्हणाली. "पण बघ की, फोटो आरशाशेजारी धरला की माझा इकडं दिसतोय आणि त्याचा तिकडं. लई डोकं खाल्लं या आरशानं."

मी म्हटलं, आरशात सगळं उलटंच दिसणार. ती म्हणाली, ते कळतंय, पण मनाला पटत नाही. आजारपणाचे दहा दिवस तिने हा एवढाच उद्योग केला : एका डोळ्याने फोटो, एका डोळ्याने आरसा.

तो फोटो साधासुधा नव्हता. एका सिनेमासाप्ताहिकाच्या मधल्या पानावर आलेला, सिनेमातल्याच एका प्रसंगाचा. आदित्य टेबलाशी बसून पेन्सिलीने काहीतरी लिहितोय आणि मागे त्याचे साहेब, त्या सहांपैकीच एक, कर्नल दिवाण उभे आहेत, दोन्ही हात पाठीमागे, चेहऱ्यावर मायेचं हसू. दिवाणांचं काम करणारे ओमकारनाथ तोवर पन्नास सिनेमांत नायिकेचे वडील झाले होते आणि पन्नासही वेळा मुलीला सासरी पाठवताना रडले होते. आमच्या गावात बायका त्यांना घरच्या माणसासारखं बाबूजी म्हणायच्या.

याच फोटोची रांगोळी मी काढायची ठरवली.

गजलक्ष्मीचे मॅनेजर कुरणेकाका सिनेमा लागण्याआधी आठवडाभर दाराला तोरणं लावायचे, नायकाच्या पोस्टरला हार घालायचे. मी जाऊन म्हटलं, की आत शिरल्या शिरल्या जी मोकळी फरशी आहे तिथे मी माणसाच्या उंचीची रांगोळी काढते. आगाऊ तिकिटं काढायला येणारा प्रत्येक जण ती बघेल. काकांनी मला खालून वर न्याहाळलं, कोणाची पोर म्हणून विचारलं, आईचं नाव ऐकल्यावर मान हलवली. आईला सगळं गाव ओळखायचं. ती भरतकामाचे छाप पाडून द्यायची.

हे छापाचं काम सांगायला हवं, कारण घोटाळा तिथेच आहे. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने नक्षी काढायची. मग सुईने रेघेवर बारीक भोकं टोचायची. रॉकेलमध्ये नीळ कालवायची, कापडाची पुरचुंडी त्यात बुडवून टोचलेल्या कागदावरून फिरवायची, की खाली साडीवर निळे ठिपके उमटतात आणि बाया त्यावरून टाके घालतात. आता सुई वरून खाली जाते तेव्हा कागदाची खालची बाजू खरखरीत होते. ती बाजू साडीवर ठेवली तर रेशमाचा धागा ओढला जातो. म्हणून आमच्या घरात एकच नियम होता, मी अक्षरं शिकण्याआधी शिकलेला : खरखरीत बाजू वर. कागद उलटा पडतो, पडू दे. कोयरीचं शेपूट डावीकडे वळलं काय आणि उजवीकडे वळलं काय, कोयरी ती कोयरीच. मोराला तर दोन्हीकडे तोंड करायची सवयच असते.

तिलू फोटो घराबाहेर न्यायला देईना. मग मी तिच्या खाटेशेजारी बसून त्यावर चौकटी आखल्या आणि जोडलेल्या मोठ्या ट्रेसिंग पेपरवर चित्र वाढवून घेतलं. दोन दिवस टोचत होते. शनिवारी कागद घेऊन टॉकीजमध्ये गेले, फरशी पुसली, खरखरीत बाजू वर केली आणि पुरचुंडी फिरवली.

मग तीन दिवस मी होते आणि ती फरशी होती. पाडव्याचा आठवडा, उकाडा मरणाचा, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण रांगोळी उडते. फोटो जवळ नव्हता, पण चेहरे मला पाठ होते. रंग चिमटीत घ्यायचा आणि बोटांमधून सोडायचा, घामाचा थेंब पडू द्यायचा नाही. इतकं जवळून काम करताना कपाळ भरत असताना हनुवटी दिसत नाही आणि बोटं भरताना हात दिसत नाही. आदित्यच्या कोटावर मी सहा प्रकारचे करडे रंग वापरले. पेन्सिलीचं टोकसुद्धा केलं. दिवाणांच्या चेहऱ्याला अख्खा एक दिवस लागला. तो चेहरा मनासारखा होईना, पुन्हा पुन्हा केला. सोमवारी संध्याकाळी मी उठून उभी राहिले तेव्हा गुडघे सरळ होत नव्हते, आणि कुरणेकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, बाबूजी आता बोलतील असं वाटतंय. त्या रात्री आनंदाच्या भरात मी जेवायचंच विसरले.

मंगळवारी सकाळी गावात बातमी होती, की अरमान सेठीच गद्दार आहे.

पहिल्यांदा कोणी ओळखलं त्यावर मतभेद आहेत. टॉकीजसमोरचा पानपट्टीवाला शेवटपर्यंत म्हणायचा, की मीच. कोणी का असेना, मी पोचले तेव्हा रांगोळीभोवतीच्या दोरीला माणसं लटकली होती आणि सगळ्यांची बोटं एकाच जागी होती. मी बोटांच्या दिशेने बघितलं. आदित्य टेबलाशी बसून लिहीत होता. डाव्या हाताने.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. फोटोत उजवा हात होता. मग एका क्षणात मला कागद आठवला, पुरचुंडी आठवली, आईचा नियम आठवला. मी अरमान सेठीला कोयरीसारखा पालथा घातला होता.

कुरणेकाकांनी मला ऑफिसात बोलावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खचल्यासारखे बसले होते. "पोरी, तू कोल्हापूरला बघून आलीस हे सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "सिनेमा लागायच्या आधीच फोडलास. खरं सांग, तोच हाय काय?"

आता माझी पंचाईत बघा. हो म्हणावं तर खोटं, आणि बिचाऱ्या आदित्यवर भलता आळ. नाही म्हणावं तर सहांतला एक गळला, म्हणजे शेवट अर्धा सांगितल्यासारखाच. आणि गावात तोंडातून निघालेला शब्द तासाभरात तिलूच्या खाटेपर्यंत पोचणार. मी म्हटलं, काका, मला काही बोलता येत नाही.

त्यांनी कपाळाला हात लावला. बाहेर पानपट्टीवाला दाराला कान लावून होता. पोरगी बोलत नाही म्हणजे खरंच आहे, असं पाच मिनिटांत जाहीर झालं.

घरी येऊन आईवर ओरडले. तिने शांतपणे विचारलं, कागद कुठली बाजू वर ठेवला होतास. मी सांगितलं. "मग बरोबर ठेवलास की," ती म्हणाली आणि पुन्हा टोचायला लागली.

दुपारी काकांनी झाडू मागवला आणि पुन्हा परत पाठवला. पुसलं तर लोक म्हणणार, बघा, खरं होतं म्हणून पुसलं. मी निदान हात बदलते म्हटलं, तर त्यालाही तेच उत्तर. रांगोळी तशीच राहिली.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिलू आली. कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ होऊन ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, डोक्याला स्कार्फ, बरोबर आई. माणसांनी तिला वाट करून दिली. ती दोरीपाशी उभी राहिली. आधी आदित्यकडे बघितलं. मग डोकं तिरकं करून पुन्हा बघितलं. मग दिवाणांकडे बघितलं, खूप वेळ. मग माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण ती वळली आणि निघून गेली.

मला रडू आवरेना. गाव काय म्हणतंय त्याचं आता मला काही वाटत नव्हतं. तिलूला सिनेमाचा शेवट माझ्यामुळे कळला, तोही खोटा कळला, आणि तोही तिच्याच माणसावर बेतलेला. ती जन्मात माझं तोंड बघणार नव्हती. आणि मला तिला एवढंसुद्धा सांगता येत नव्हतं, की अगं, तसं नाही.

बुधवारी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, झोपलीय. दुपारी गेले, झोपलीय. संध्याकाळी आतून पंख्याचा आणि कोणीतरी हळूच बोलत असल्याचा आवाज येत होता, तरी झोपलीय. मग मी दोन लिंबं पिळली आणि लिहिलं : शुक्रवारी ये. बाकी काही विचारू नकोस. कागद तिच्या खिडकीच्या गजांमधून आत टाकला.

गुरुवारी सकाळी आमच्या उंबऱ्यावर तिचा कागद होता. मी धावत स्टोव्ह पेटवला. कागद धरला, फिरवला, उलटा केला. काही उमटलं नाही. अजून जवळ धरला. मध्यभागी तपकिरी डाग पडला, डागाचं भोक झालं आणि भोकाचा जाळ झाला. आईने कागद हिसकून पाण्यात टाकला. कोरा कागद. आमच्या पाच वर्षांच्या मैत्रीत तिने मला कोरा कागद कधी पाठवला नव्हता.

शुक्रवारी तीनच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. गंमत म्हणजे, शेवट कळला म्हणून कोणी घरी बसलं नव्हतं. उलट, अरमान सेठीसारखा माणूस गद्दार निघतो तरी कसा, हे बघायला जे येणार नव्हते तेही आले होते. रांगोळीच्या आधीच आगाऊ काढून ठेवलेली आमची दोन तिकिटं माझ्याकडे होती. एक मी तिच्या खिडकीतून टाकलं होतं. मी एकटी बसले. राष्ट्रीय समाचार संपता संपता शेजारची खुर्ची वाजली. तिलू. तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत बसली, हात मांडीवर घट्ट धरून.

सिनेमा सुरू झाला आणि टॉकीजमध्ये असा काही दंगा झाला, की विचारू नका. आदित्य पडद्यावर आला की लोक हसत. त्याने देशासाठी जीव द्यायची भाषा केली की पहिल्या रांगेतून 'व्वा रे गड्या' यायचं. त्याने चहाचा कप उचलला तर पाचशे माणसं पुढे वाकली, हात बघायला. पण कॅमेरा नेमका खिडकीकडे गेला. मध्यंतरात कुरणेकाका माझ्याजवळून गेले आणि हसले नाहीत. तिलूने भेळ घेतली, अर्धी माझ्याकडे सरकवली, अजूनही न बघता.

शेवटचा प्रसंग आला. धावपट्टीवर बाकीचे पाच जण रांगेत उभे. विमानाचे पंखे फिरताहेत. आदित्यच्या हातात तो खाकी लिफाफा, ज्याच्यासाठी तीन तास माणसं मेली. तो एकेकाकडे बघत पुढे येतो. आमच्या टॉकीजमध्ये लोक कुजबुजत होते, आता हाच पळणार. आणि आदित्य अचानक म्हणतो, "सर, पकडिए," आणि लिफाफा उंच फेकतो.

कर्नल दिवाण तो झेलतात. डाव्या हाताने.

बाबूजी. पन्नास मुली सासरी पाठवणारे बाबूजी. मग तिलूने अशी किंकाळी फोडली, की पुढच्या रांगेतला माणूस खुर्चीवरून उठला. तिने माझा दंड पकडला, नखं रुतली, दुसरा हात स्वतःच्या गालावर गेला, आणि ती मोठ्याने म्हणाली, "बाबूजी?" त्यासरशी टॉकीज फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, फेटे हवेत. बायका खरोखर रडत होत्या. पडद्यावर काय चाललंय ते बघायला कोणी भानावर नव्हतं. आणि मग, पडद्यावर अजून मारामारी चालू असताना, आमच्या मागची रांग वळून माझ्याकडे बघायला लागली, मग तिच्या मागची.

"पोरीनं गावाला गंडवलं," पानपट्टीवाला ओरडला, आणि त्या ओरडण्यात असं काही प्रेम होतं, की मी पुन्हा रडायला लागले. तिलूही रडत होती. ती माझ्या कानात म्हणाली, "मला काहीच ठाऊक नव्हतं, हेमे. काहीच नव्हतं. भारी झालं." मी तिच्या गळ्यात पडले. शपथ राहिली होती.

सिनेमा आमच्याकडे सात आठवडे चालला. लोक मुद्दाम पाव्हण्यांना घेऊन यायचे, आधी रांगोळी दाखवायचे, हात दाखवायचे आणि मग काहीही न बोलता आत ढकलायचे. कुरणेकाकांनी मला ऑफिसात बोलावून पेढे दिले आणि म्हणाले, एवढं डोकं लावलंस आणि माझ्याजवळसुद्धा बोलली नाहीस. मी काय सांगणार? खरखरीत बाजू वर होती? मी गप्प बसले आणि माझ्या गप्प बसण्याचंही कौतुक झालं. काकांनीच माझ्या वडिलांना येऊन सांगितलं, की या मुलीला चित्रकलेला घाला. वडिलांनी घातलं. आज मी पुस्तकांची मुखपृष्ठं काढून जगते, आणि एका उलट्या पडलेल्या कागदावर हे सगळं उभं आहे, हे आई सोडून कोणाला माहीत नव्हतं. निदान असं मी एकोणतीस वर्षं समजत होते.

गेल्या मे महिन्यात बेळगावला तिलूकडे गेले होते. दुपारी जेवणं झाली, तिने टीव्ही लावला आणि 'खाकी लिफाफा' चालू होता. आम्ही दोघी पाय वर घेऊन बसलो. गुडघे दुखतात, चष्मे आहेत, पण आदित्यने गॉगल काढला की आम्ही अजूनही एकमेकींना कोपराने ढोसतो. धावपट्टी आली. लिफाफा हवेत गेला.

आणि तिलूने किंकाळी फोडली. माझा दंड पकडला, नखं रुतवली, दुसरा हात गालावर गेला, आणि म्हणाली, "बाबूजी?"

हसत हसत मी तिच्याकडे वळले आणि हसू जागच्या जागी राहिलं. तीच पट्टी. तोच क्षण. हात त्याच गालावर. तेव्हाची किंकाळीही खरी नसेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तिले," मी म्हटलं, "तुला तेव्हा ठाऊक होतं."

तिने रिमोट उचलून आवाज बारीक केला. साडीच्या काठाशी खेळायला लागली. या वयात ती लाजताना मी पहिल्यांदा बघत होते.

"तीळ," ती म्हणाली. "रांगोळीत तीळ माझ्या आरशातल्यासारखा आलावता. दहा दिवस तेवढंच बघालो होतो की मी. म्हटलं, हिनं कागद पालथा घातला. म्हणजे हात उजवाच. आपला माणूस सुटला."

"आणि बाबूजी?"

"फोटोत ते हसालेत, हेमे. तू त्यांना हसू दिली नाहीस. ओठ हसालेत, पण डोळे कसले केलीवतीस ते तुझं तुला ठाऊक नाही. मी ते डोळे बघितलो आणि सगळं कळालं."

मला दिवाणांचा चेहरा आठवला, पुन्हा पुन्हा केलेला, मनासारखा न होणारा. गाव हात बघत राहिलं आणि गुपित डोळ्यांतून सांडत होतं. डोळ्यांतून नाही, असं ती मला खाटेवरून बजावून म्हणाली होती. अख्ख्या गावात शेवट फक्त एकाच मुलीला आधी कळला, आणि जिला कळू नये म्हणून मी जीव टाकत होते ती तीच होती. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस, चार दिवस मी मरत होते.

"कसं सांगू?" ती म्हणाली. "सांगितलो असतो तर तुझी शपथ मोडली असती की. तू रोज सकाळी उठून बघाय आली असतीस, मी जिवंत हाय का नाही."

खरं होतं. मी आले असते.

"म्हणून झोपलीस," मी म्हटलं.

"तुझ्यासमोर दोन मिनिटं बसलो असतो तरी फुटलो असतो. आणि कोरा कागद पाठवलो. पकडलेला हेर काही बोलत नाही. तुला कळंल वाटलं."

"मी तो जाळला."

ती इतकी हसली, की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. मीही हसत होते, आणि रडत होते, आणि पडद्यावर बाबूजींना बेड्या पडत होत्या. तिच्या डाव्या गालावरची ती खूण अजून तशीच आहे. मग एक शेवटची गोष्ट विचारल्यावाचून मला राहवेना. मी विचारलं, की बाकी सगळं समजलं, पण ती किंकाळी? एवढी खरी किंकाळी कोणाला ऐनवेळी सुचते?

"ऐनवेळी कुठली," तिलू म्हणाली. "तीन दिवस आरशासमोर बसून बसवलो. आईला वाटलं, कांजिण्या डोक्यात गेल्या."